गोचीड ताप: कुत्र्याच्या रक्तात आणि घराच्या भिंतीत



स्मृतिव्याख्यानाला साहित्य, इतिहास किंवा समाजकारणाचा विषय घ्यायचा असा प्रघात आहे. मी कुत्र्यांच्या तापाचा विषय सुचवला आणि कार्यवाहांनी तो आनंदानं पत्रिकेवर छापला, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. माझं आयुष्य मराठवाड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत गेलं. ज्या प्रश्नावर बोलायला हवं होतं आणि जो मी इतकी वर्षं फक्त इंजेक्शनच्या सुईपुरता हाताळला, तो आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

माहूरला कुत्र्याविषयी बोलायला संकोच वाटण्याचं कारण नाही. दत्तशिखरावर ज्या दैवताच्या दर्शनाला आपण जातो, त्याच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि परंपरा त्यांना चार वेद मानते. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोडे, गाढवं, उंट यांच्याबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन होतं. लातूर जिल्ह्यातलं चाकूर तालुक्याचं जानवळ तर कारवान कुत्र्यांसाठी लांबलांबपर्यंत ओळखलं जातं. लांब पाय, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड असलेलं हे शिकारी कुत्रं धनगरवाड्यावर आणि तांड्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढलं. एवढं असूनही आपल्या भागात लाल कंधारी आणि देवणी गाईंच्या आजारांवर जितकं लिहिलं गेलं, त्याच्या शतांशही कुत्र्यांवर लिहिलेलं सापडत नाही.

आता आजार कसा येतो ते पाहू. तांड्यावरचा एखादा माणूस कारवान कुत्रं खांद्यावर टाकून दवाखान्यात येतो. कुत्र्याच्या एका नाकपुडीतून रक्त ठिपकतंय. माणूस सांगतो, कुणीतरी दगड मारला असेल, नाहीतर रानडुकराची धडक बसली असेल. मी कुत्र्याचा वरचा ओठ उचलतो. हिरडी गुलाबी असायला हवी, ती पांढरीफटक दिसते. पोटावर केस विरळ असतात तिथं मांड्यांच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके असतात. कानाची पाळी उलटली की आत तपकिरी गोचीड एकाला एक चिकटून बसलेले. बोटांच्या बेचक्यांत आणखी. मालक म्हणतो, "साहेब, दोन महिन्यांमागं चार दिवस खाल्लं नव्हतं, मग आपोआप बरं झालं." ते बरं झालेलं नव्हतं. जंतू तेव्हाच शरीरात शिरला होता. पहिला ताप ओसरला आणि तो रक्तात गुपचूप राहिला. आता त्यानं हाडांच्या मगजापर्यंत मजल मारली आहे, रक्त गोठवणाऱ्या पेशी संपत आल्या आहेत. पहिल्या चार दिवसांत आलेलं कुत्रं डॉक्सीसायक्लिनच्या स्वस्त गोळ्यांनी बहुतेक वेळा उठून बसतं. त्या गोळ्या सलग 28 दिवस द्याव्या लागतात, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. नाकातून रक्त सुरू झाल्यावर आलेल्या कुत्र्यापुढे बरेचदा आम्हाला हात टेकावे लागतात.

गोचीड तापाच्या नावाखाली एकच आजार नाही. नाकातून रक्त आणणारा बहुधा एर्लिकिया कॅनिस असतो. हा जीवाणू पांढऱ्या पेशींत घर करतो. 1935 साली अल्जिअर्सच्या पाश्चर संस्थेत दोनातिएँ आणि लेस्तोकार या दोघांनी तो प्रथम नोंदवला. जगाचं लक्ष मात्र त्याच्याकडं पुढं गेलं, 1960 च्या दशकात. आधी सिंगापूरमध्ये ब्रिटिश फौजेची आणि मग व्हिएतनाममध्ये अमेरिकी फौजेची जर्मन शेफर्ड कुत्री नाकातून रक्त येऊन पटापट मरू लागली, तेव्हा लष्करी प्रयोगशाळा कामाला लागल्या. गावातल्या कुत्र्यांना तोच आजार कधीपासूनचा होत असणार. त्यांच्या मृत्यूचा अहवाल लिहायला कुणी नव्हतं.

दुसरा आजार बाबेसियाचा. हा हिवतापाच्या जंतूसारखा तांबड्या पेशी फोडतो. लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि डोळे पिवळे पडतात. याचा एक छोटा प्रकार, बाबेसिया गिब्सोनी, आपल्याच देशात सापडला. 1910 साली पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात तो पाहिला आणि नंतर कोल्ह्याच्या रक्तातही त्यांना तोच दिसला. पैनगंगेच्या काठाचं जंगल आणि त्यातले कोल्हे ज्यांनी पाहिलेत, त्यांना या नोंदीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तिसरा जंतू हिपॅटोझून कॅनिस. तोही 1905 साली भारतातच जेम्स यांनी कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत प्रथम नोंदवला. याची रीत निराळी आहे. गोचीड चावल्यानं हा होत नाही. कुत्रं अंग चावताना, चाटताना गोचीड गिळतं, तेव्हा तो पोटातून रक्तात जातो. आणखी एक ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस आहे, तो थेट प्लेटलेटवर बसतो. गोचिडाच्या एका झुंडीत यातले दोन-तीन जंतू एकाच वेळी असू शकतात. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन चालतं, मोठ्या बाबेसियाला इमिडोकार्बचं इंजेक्शन लागतं आणि गिब्सोनी या दोघांनाही दाद देत नाही. म्हणून "गोचीड ताप आहे, इंजेक्शन द्या" एवढ्यावर भागत नाही.

मग आपल्या भागात हा आजार किती? हा प्रश्न मला सरपंचांपासून पत्रकारांपर्यंत सगळे विचारतात. त्याचं उत्तर देण्याआधी एक सर्वेक्षण सांगतो. 2011 साली ते प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचे संशोधक आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातले परोपजीवीशास्त्रज्ञ मुकुलेश गटणे यांनी मिळून दिल्ली, मुंबई, सिक्कीम आणि लडाख इथल्या 525 कुत्र्यांचं रक्त तपासलं. आधी आपल्या दवाखान्यांत होते तशीच तपासणी केली. रक्ताचा थेंब काचेवर पसरवला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. 525 पैकी फक्त 12 कुत्र्यांत जंतू दिसला, तोही एकट्या हिपॅटोझूनचा. म्हणजे 2.3 टक्के. मग त्याच रक्ताची पीसीआर तपासणी केली. कोविडच्या काळात हे नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी होतं, ती हीच पद्धत. आता 261 कुत्र्यांत एक ना एक जंतू सापडला. म्हणजे 49.7 टक्के, जवळजवळ निम्मी कुत्री. हिपॅटोझून 30 टक्के, एर्लिकिया कॅनिस 20.6 टक्के, ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस 6.5, मोठा बाबेसिया 5.5. ज्यांना संसर्ग होता, त्यांतल्या 39 टक्क्यांत एकाहून जास्त जंतू निघाले. कुत्री तीच, रक्तही तेच. तपासायची रीत बदलली आणि दोनाचे पन्नास झाले.

या दोन आकड्यांपुढे आपण थोडं थांबलं पाहिजे. एखाद्या जिल्ह्याच्या अहवालात "गोचीड तापाचं प्रमाण नगण्य" असं वाचलं, तर माझा पहिला प्रश्न असतो: पाहिलं कशानं? काचेवर पाहिलं असेल तर नगण्य हा शब्द आजाराबद्दल काही सांगत नाही, तपासणीबद्दल सांगतो. दुसरा प्रश्न: कोणती कुत्री पाहिली? शहरातल्या दवाखान्यात येणारं कुत्रं आजारी असतं, म्हणून तर ते आलेलं असतं. त्यामुळे तिथली टक्केवारी फुगते. रस्त्यावरून पकडलेल्या सगळ्या कुत्र्यांची मोजणी केली तर आकडा वेगळा येतो. आणि गावात तर तिसराच प्रकार आहे. तिथलं कुत्रं घरचं असतं, नाव असतं, भाकरी मिळते, पण झोपायला ते ओट्यावर, कडब्याच्या गंजीजवळ किंवा शेजारच्या गोठ्यात जातं. त्याला पाळीव म्हणावं की मोकाट, हे मोजणाऱ्याला ठरवता येत नाही आणि मग ते दोन्ही याद्यांतून गळतं. 2019 च्या पशुगणनेत देशात 1 कोटी 53 लाखांवर मोकाट कुत्री नोंदली गेली. पंचायतीच्या ओट्यावरची किती कुत्री त्यात आली असतील, याचा विचार तुम्हीच करा.

गिब्सोनीचं उदाहरण घ्या. वरच्या सर्वेक्षणात तो 0.2 टक्के होता, म्हणजे सव्वापाचशेंत एक कुत्रं. त्यावरून भारतात तो जवळजवळ नाहीच, असं कुणी म्हणेल. पण केरळ, तामिळनाडू आणि आसाममधल्या पशुवैद्यांना विचारा. त्यांच्याकडे तो नेहमीचा पाहुणा आहे, तिकडून शोधनिबंधही भरपूर आले आहेत. चार ठिकाणच्या कुत्र्यांवरून सगळ्या देशाचं अनुमान काढता येत नाही, आणि मराठवाडा त्या चारांत नव्हता.

बाहेरच्या जगात ही मोजणी कशी होते तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत 2001 ते 2007 या काळात दवाखान्यांत आलेल्या 9 लाख 82 हजारांहून अधिक कुत्र्यांचे चाचणी-निकाल एकत्र करून 2009 मध्ये छापले गेले. लाइम या आजाराच्या खुणा देशभर 5.1 टक्के कुत्र्यांत होत्या. पण ईशान्येकडच्या राज्यांत त्या 11.6 टक्के आणि आग्नेयेकडे केवळ 1 टक्का निघाल्या. एर्लिकियाचा कल नेमका उलटा, उष्ण आग्नेय भागात जास्त. ज्यांची मुलं न्यू जर्सी किंवा बोस्टनकडे आहेत, त्यांनी तिथल्या कुत्र्याला होणारा आजार आणि इथल्या कुत्र्याला होणारा आजार यांत गल्लत करू नये. गोचिडाची जात निराळी, जंतू निराळा. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या हार्लो गावी 2016 साली कधीही परदेशी न गेलेल्या कुत्र्यांना बाबेसिया झाला, तेव्हा सगळा पशुवैद्यकवर्ग हादरला होता.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ऑस्ट्रेलियाचं उदाहरण. आपल्याकडे कुत्र्यावर दिसणारा तपकिरी गोचीड तिथं उत्तरेकडच्या उष्ण भागात जुनाच आहे. एर्लिकिया मात्र त्या देशात नव्हता. आयात कुत्र्यांवर कडक तपासणी होती. मे 2020 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात तो पहिल्यांदा सापडला आणि बघताबघता उत्तरेकडच्या आदिवासी वस्त्यांतल्या कुत्र्यांत पसरला. गोचीड आधीच घराघरांत होता, त्यामुळे जंतूला एकदा दार उघडलं की पुरे झालं. मोकळी हिंडणारी कुत्री, उन्हाळी हवा, पशुवैद्य शेकडो किलोमीटर दूर, हे सगळं वर्णन किनवट-माहूरच्या माणसाला ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की तिथल्या सरकारनं लगेच रक्ताचे नमुने घेतले आणि आजार कुठवर पोचला याचा नकाशा काढला.

आता गोचिडाकडे येतो. त्याचं जगणं समजलं नाही तर औषधं वाया जातात. आपल्याकडे गाई-म्हशींवर जो गोचीड दिसतो त्यातला मुख्य प्रकार आपलं बहुतेक आयुष्य एकाच जनावरावर काढतो. अंड्यातून निघालेली अळी गाईवर चढते, तिथंच कात टाकते, तिथंच मोठी होते आणि फुगलेली मादी अंडी घालायला खाली पडते. म्हणून गाईवर फवारलं की बरंच काम होतं. कुत्र्याचा गोचीड तसा नाही. त्याची सहा पायांची अळी कुत्र्याचं रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकते. आठ पायांचं पिल्लू होऊन परत कुत्र्यावर चढते, पुन्हा उतरते, पुन्हा कात टाकते. मोठी झाल्यावर तिसऱ्यांदा चढते. प्रत्येक वेळी अंगावर काही दिवस, आणि मधले आठवडे-महिने घरात. मादी शेवटी हजारो अंडी घालते, चार हजारांपर्यंत, तीही भिंतीच्या भेगेत, खाटेच्या सांध्यात, तरटाखाली, पत्र्याच्या आढ्याजवळ. हा गोचीड वर चढणारा आहे, हे तुम्ही पाहिलं असेल. कुत्र्याच्या जागेजवळच्या भिंतीवर संध्याकाळी तो रांगेनं वर जाताना दिसतो. मोठा गोचीड उपाशीपोटी वर्षभरही तग धरतो. आपला एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा इतर कित्येक गोचिडांना मारतो, याला मारत नाही. काळ्या दगडाच्या जुन्या घरांत आणि मातीच्या पांढऱ्या भिंतींत त्याला ऊनही लागत नाही आणि पाऊसही.

तेव्हा कुत्र्याला औषधानं अंघोळ घालून तुम्ही निर्धास्त झालात, तरी त्याची पुढची पिढी भिंतीत तयार असते. पंधरा दिवसांनी ती खाली उतरते आणि माणूस म्हणतो, औषधात दम नव्हता. औषधात दम होता. भिंत राहून गेली होती. जागेच्या भेगा चिखल-सिमेंटनं बुजवणं, तरट-गोणपाट जाळणं किंवा उकळत्या पाण्यात बुडवणं, कुत्रं झोपतं तिथल्या भिंतीवर पशुवैद्यानं सांगितलेलं औषध मारणं, आणि हे सगळं कुत्र्यावरच्या औषधाबरोबर निदान तीन महिने पुन्हापुन्हा करणं, एवढं झालं तरच गोचिडाचा वंश खुंटतो.

इथं मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. कापसावर मारायचं औषध कुत्र्याच्या अंगावर चोळू नका. हे आपल्या भागात सर्रास होतं, कारण ते घरात असतं आणि फुकट पडतं. 2017 च्या हंगामात पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. धडधाकट माणसाला त्या विषाचा वास सोसला नाही, ते कुत्र्याच्या कातडीवर चोळून, वर ते चाटू दिलं तर काय होईल? कुत्रं थरथरतं, तोंडाला फेस येतो, तास-दोन तासांत मरतं, आणि घरातलं लहान पोर त्याच कुत्र्याच्या गळ्यात हात घालून बसलेलं असतं. रॉकेल ओतणं, विडीनं गोचीड भाजणं हेही बंद करा. चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढावा, बोटांनी फोडू नये, साबणाच्या पाण्यात टाकावा.

बोटांनी फोडू नये म्हणालो, त्याला कारण आहे. हाच गोचीड माणसालाही एक ताप देऊ शकतो. रिकेट्सिया गटाचा जंतू, इंडियन टिक टायफस. अंगावर, तळहातांवर, तळव्यांवर पुरळ येतो आणि वेळेत कळलं नाही तर लहान मुलं दगावतात. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी मध्य भारतातल्या अशा रुग्णांवर 2011 साली निबंध लिहिला. प्रयोगशाळेची वाट न पाहता लक्षणांवरून हा आजार ओळखण्यासाठी गुण देण्याची पद्धत त्यांनी त्यात सुचवली. पुरळासह ताप आलेल्या मुलाच्या आईला "घरात कुत्रं आहे का, गोचीड दिसतात का" एवढं विचारलं तरी डॉक्टरचा विचार योग्य दिशेला लागतो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रश्न विचारला जावा अशी माझी तळमळ आहे. कुत्र्याचा ताप आणि मुलाचा ताप हे दोन खात्यांचे विषय असले, तरी गोचीड दोघांना एकाच भिंतीतून येऊन चावतो.

एक समज मला दूर करायचा आहे. "देशी कुत्र्याला काही होत नाही, हे विलायती कुत्र्यांचे लाड आहेत." जर्मन शेफर्डला एर्लिकिया जास्त जड जातो हे खरं आहे. गावठी कुत्रं पुष्कळदा वरवर धडधाकट दिसतं, हेही खरं आहे. पण मघाच्या सर्वेक्षणात निम्म्या कुत्र्यांच्या रक्तात जंतू होता, हे विसरू नका. ज्याला आपण काटक म्हणतो ते कुत्रं बरेचदा जंतू वागवत असतं. शेतात राखणीला जातं, पिल्लं घालतं, एखाद्या वर्षी खाणं कमी पडलं की अचानक बसतं. मग आपण म्हणतो, म्हातारं झालं होतं. कारवान कुत्र्यांच्या कित्येक चांगल्या माद्या सहाव्या-सातव्या वर्षीच गेलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या जाण्याचं वय झालेलं नव्हतं. जात टिकवायची म्हणून आपण प्रदर्शनात बक्षिसं देतो, आणि ती आतून पोखरणाऱ्या आजाराची साधी नोंदही ठेवत नाही, हे मला अतिशय बोचतं.

करायचं काय? उदगीरला 1987 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं परोपजीवीशास्त्राचा विभाग आहे, दरवर्षी विद्यार्थी शिकून बाहेर पडतात. माळेगावच्या यात्रेत प्रदर्शनाच्या मांडवात येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या कानाच्या टोकातून एक थेंब काचेवर आणि एक थेंब गाळणकागदावर घेता येतो. काच तिथल्या तिथं रंगवून पाहता येते. कागदावरचा थेंब वाळवून पीसीआरसाठी पाठवता येतो, त्याला बर्फाची पेटी लागत नाही. मालकाला मोफत तपासणी मिळते आणि आपल्याला पहिल्यांदा मराठवाड्याचा आकडा मिळतो. तोच थेंब नवरात्रात माहूरच्या बाजारपेठेतल्या कुत्र्यांचा घेता येईल, कारण देवीच्या यात्रेला विदर्भ, तेलंगणा, कर्नाटकातून माणसं येतात आणि धनगर-लमाणांचे कळप जंगलाच्या कडेनं फिरतात, त्यांच्याबरोबर कुत्री असतातच. नोंदवहीत गाव, महिना, कुत्र्याचं वय आणि ते रात्री कुठं झोपतं एवढं लिहिलं तरी पुरे. गोठ्यात, ओट्यावर, पत्र्याच्या शेडात की रानात, यावरून भिंतीतल्या गोचिडाचा पत्ता लागतो. तीन-चार वर्षं ही वही चालली तर पावसाळ्यानंतर आजार कुठं उचल खातो, गिब्सोनी तेलंगणाच्या बाजूनं आपल्याकडं आहे का, कारवान माद्यांत प्रमाण काय, या प्रश्नांना माहूरच्या वहीतून उत्तरं देता येतील.

सभागृहात पशुसंवर्धन विभागाचे दोन अधिकारी आणि पंचायत समितीचे सदस्य बसलेले आहेत, म्हणून हे जाहीरपणे मागतो आहे. काचा, सुया आणि गिम्झाचा रंग मी घेऊन येतो. रंगवायला आणि पाहायलाही मी बसेन. मांडवाच्या एका कोपऱ्यात टेबल, पाण्याची सोय आणि वही लिहायला अक्षर चांगलं असलेली दोन मुलं, एवढं या वर्षी मला द्या.